नऊ युनिटांचा फरक

मोठ्या लाँड्रीच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला गीझर शिकवायला जायचं, म्हणजे धाडसच. बिल्डिंगमधले सगळे त्यांना बॉयलरमामा म्हणत आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गीझर कधी बंद करायचा नाही, हे त्यांनी शेजारच्या पाचही घरांच्या गळी उतरवलं होतं. निवलेलं पाणी पुन्हा तापवायला दुप्पट ताकद लागते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची लेक शाळेत विज्ञान शिकवायची. एके दिवशी ती टायमर घेऊनच घरी आली.

"बाबा, आपल्याला गरम पाणी लागतं सकाळच्या आंघोळींपुरतं. बाकी दिवसभर ती टाकी उगाच तापत बसते."

"बॉयलर तू पाहिलायस की मी?"

"तुम्ही. म्हणून मीटरचे आकडेही तुम्हीच घ्या. एक आठवडा तुमच्या पद्धतीने, एक टायमरने. तुम्ही लिहाल तो आकडा मला मान्य."

मामा खूश झाले. आता हिची कशी जिरवतो बघा, असं त्यांनी भिंतीलासुद्धा सांगितलं असतं. पहिल्या आठवड्यात एकसष्ट युनिटं जळली. मग टायमर लागला. आंघोळी रोजच्यासारख्याच झाल्या, कुणाला गार पाणी म्हणून लागलं नाही. आठवडा संपला तसे मामा चष्मा लावून जिन्याखाली मीटरपाशी गेले आणि नव्या आकड्यातून मागचा वजा केला. बावन्न. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी बावन्नच.

लेक काही मीटर बघायला येणार नव्हती. कागद मामांच्या हातात, पेन मामांच्या हातात. लाँड्रीत दर तासाला दाबाचा आकडा लिहायचा असे आणि काट्याकडे न बघता त्यांनी तो एकदाही लिहिला नव्हता. आज डोळ्यांनी बघितलेला आकडा लिहायला मात्र हात धजेना. पाच घरांना आपण छातीठोकपणे काय सांगून बसलोय, ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी बावन्न लिहिलं.

लेकीने कागद वाचला. हसायचं नाही एवढं शहाणपण तिच्यात होतं.

"बाबा, कसं असतं, ही टाकी..."

"समजावू नकोस. आमच्या बॉयलरला दिवसभर काम असायचं. हा दिवसभर नुसता बसून खातो. माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं," मामा म्हणाले आणि चपला घालून तडक समोरच्या टेलरबाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, गीझर चालू आहे?"

"आहे की! तुम्हीच तर बजावलंत, बंद करू नका म्हणून."

"चुकीचं सांगितलं. आंघोळी आटोपल्या की बंद करत जा."

"काहीतरीच काय! मामा, तुम्ही कसे चुकाल?"

"चुकलो ना. आठवड्याला नऊ युनिटांनी चुकलो."

मागे दारात उभ्या असलेल्या लेकीला आपल्या बापाचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

"बाबा, चहा टाकलाय, या," ती म्हणाली.

"तू घे," मामा जिना चढत म्हणाले. "माझी अजून चार घरं राहिलीत."