नाटकघराच्या आढ्याला सामायिक फणस

“तुजा फणस? तुजा कवापासनं झाला गो? आमी काय मेलांव?”

धाकूकाका फणसाच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले होते. पुढ्यात त्यांची पुतणी दर्शना, तिच्या मागं घेर मोजायला दोरी घेऊन आलेला सुतारमिस्त्री, आणि त्याच्या मागं जुनेद नि सावनी. दोघांचे मोबाईल फोटोसाठी वर आलेले, ते तसेच वर राहिले.

“काका, आमच्या परसात हाय म्हंजे आमचाच ना?” दर्शना म्हणाली.

“परस तुमचा. झाड सामायिक. पणज्यानं लावलेला हाय तो. दरसाल घरोघर फणस जातात ते काय मी दानधर्म करतंय? वाटा हाय त्येंचा.”

मिस्त्रीनं दोरी गुंडाळून खिशात घातली. भावकीचं बोलणं वर चढलं की कोकणातला मिस्त्री आधी अवजारं आवरतो.

दर्शनाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जयगड गाडीची कंडक्टर ती. गाडी भरून माणसं असली तरी तिचा आवाज मागच्या बाकड्यापर्यंत पोचायचा, दारू पिऊन चढलेला गडी तिच्या एका नजरेनं खाली उतरायचा. पण ह्या वेळी तिनं जीभ जरा जास्तच सोडली होती.

झालं होतं असं. तांबळवाडीच्या नाटकघराचं आढं वाळवीनं पोखरलं होतं. जांभ्या दगडाच्या चार भिंती, वर कौलं, आत मातीचा उंच रंगमंच. शंभर वर्षं शिमग्याला तिथं नमन रंगत आलं, गणपतीत जाखडीचा नाच झाला, मे महिन्यात मुंबईकरांनी नाटकं केली. जुनेदचा आजा समोरच्या मोहल्ल्यातून गॅसबत्त्या घेऊन यायचा आणि नमन सुटेस्तोवर हवा मारत बसायचा. मिस्त्रीनं आढ्यात पटाशी खुपसून बघितली तर ती मुठीपर्यंत आत गेली. मृगाच्या आत नवं आढं बसलं नाही तर छप्पर खाली येणार. गावसभेत जाणती माणसं म्हणाली, पाडा आणि पत्र्याचा लग्नाचा हॉल बांधा. तेव्हा ही पोरं उठली. जहाजावरून सुट्टीला आलेला जुनेद म्हणाला, कौलं मी देतो. रत्नागिरीत औषधाचं दुकान चालवणारी सावनी म्हणाली, वायरिंग माझं. आंबेवाल्यांच्या पोरांनी एकेका कलमाचा आंबा नाटकघराच्या नावानं सोडला. आणि दर्शना, जिच्याकडं ना जहाज, ना दुकान, ना कलमं, ती भर सभेत उभी राहून म्हणाली, “आढं माजं. आमचा फणस देतंय.” लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, छपराच्या जुन्या लाकडी कैच्यांना लाकूडच बसतं, हे मिस्त्री आधीच बोलला होता. सभेत टाळ्या पडल्या. हॉलवाले गप्प झाले.

आता फणस हातचा गेला तर सभेतली अब्रू जाणार आणि मागोमाग नाटकघर. हॉलवाले टपलेलेच होते.

“काका, चुकलंय,” ती म्हणाली. “आता काय करू ता सांगा.”

काकांना बहुतेक भांडण आणखी थोडं हवं होतं. एवढ्यात चूक कबूल केल्यामुळं त्यांची पंचाईत झाली. त्यांनी वर बघितलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फणस लगडलेले.

“फणस उतरव. ज्येचा त्येला पोचव आणि तोंडावर विचार. झाड तोडायच्या परवान्याला सह्या लागतीलच, त्या पण घे. सगळी व्हय बोलली तर झाडाच्या राखणदाराला नारळ मी देतंय. एक जरी नको बोलला तर कोयती लावू देणार नाय.”

“कुसूम आत्तेला पण?”

काकांनी तोंड फिरवलं. कुसूम त्यांची सख्खी बहीण, जयगड रस्त्यावरच्या खंडाळ्याला दिलेली. आईच्या तांब्याच्या हंड्यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन जमाना झाला होता.

“माज्याशी बोलत नाय म्हणून तिचा वाटा जातो काय?” ते म्हणाले.

दर्शनानं रात्रीच सगळ्या भावकीला फोन करून आपापल्या थांब्यावर यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जयगड गाडीत फणस चढले. जुनेद खांद्यावरून आणत होता, सावनी त्यांना नावं लिहिलेल्या कापडी पट्ट्या बांधत होती. ड्रायव्हर विनोदनं आरशात बघितलं.

“दर्शनाबाय, ही एसटी हाय का फणसाची वखार?”

“तुला पण गरे देतंय. गाडी हाक.”

एक फणस पिकलेला निघाला आणि निवळी फाट्यापर्यंत गाडी घमघमली. एक पुणेकर बाई नाकाला रुमाल लावून बसल्या. त्यांच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, “वास आवडत नाय तर खिडकीत बसा, फुकटचा घेऊ नका.” गाडीभर गोष्ट पसरली. फणस कोणाचा, आढं कशाचं, सगळ्यांना ठाऊक झालं. चाफे गावाच्या स्टॉपवर दर्शनाचा चुलत चुलता उभा होता. तो खिडकीशी येऊनच ओरडला, “सही कुठं करू गो? माजा पयला गणपतीचा नाच तिथंच झायला!” गाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वळणावर भावकीतली आणखी एक बाई चढली, तिकीट काढलं, सही केली आणि गुडघ्यावर फणस घेऊन तीन थांब्यांनंतर उतरली. मुंबईकर भावकीचे फणस परळच्या गाडीनं आदल्या रात्रीच गेले होते. त्यांच्या सह्या मोबाईलवर आल्या, सोबत विचारणा, नमन कधी ते लवकर सांगा, सुट्टी टाकायची आहे. तिकिटागणिक दर्शनाचा हात जास्त चपळ चालला.

राहिली आत्या.

खंडाळ्याच्या थांब्यावर ती छत्री टेकून उभी. दर्शना फणस घेऊन खाली उतरली. आत्यानं आधी फणसावर बोटानं टकटक केली.

“कापा हाय का बरका?”

“कापा.”

“मग दे.” फणस पायाशी ठेवून घेत ती म्हणाली, “धाकूनं पाठवलंन?”

“त्येंनी सांगितलं, कुसूमचा वाटा गेलेला नाय.”

आत्यानं फणसावरची आपल्या नावाची पट्टी सोडून कमरेला खोचली. गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकावत होती. विनोदनं हॉर्न वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

“त्या नाटकघरात आमी बायका कुठं बसायचो, ठाव हाय?” आत्या म्हणाली. “पाठच्या दाराबाहेर, धुळीत. गवळण नाचताना नुसतं डोक्यावरचं फूल दिसायचं. पाय कवा बघितलेच नाय.”

“मग सही नाय करणार?” दर्शनानं विचारलं.

“करतंय गो. पण पुढचं बाकडं माजं. मधोमध. आणि धाकूला शेजारी बसवू नको, तो मधेच गोष्ट सांगतो.”

तिनं कागद छत्रीच्या मुठीवर टेकवून सही केली. अक्षर मोठं आणि वाकडं. गाडीतल्या आजी म्हणाल्या, “झालं आढं.” मागच्या बाकड्यावरच्या पोरांनी शिट्टी मारली.

दर्शनानं काकांना फोन लावला. “सगळी व्हय बोलली.”

पलीकडं काकांनी एकेक घर मोजून घेतलं. मग, “कुसूम पण?”

“पुढचं बाकडं मागितलंन. तुमच्यापासनं लांब.”

“म्हंजे येणार,” काका म्हणाले. “मी नारळ आणायला जातंय. मिस्त्रीला दोरी घेऊन ये म्हणावं.”

विनोदनं एवढ्या वेळानं हॉर्न दिला. दर्शना पायरीवर चढली, दार ओढलं, डबल बेल मारली आणि पुणेकर बाईंकडं वळली. “तुमी जयगडच ना? सुट्टे काढून ठेवा.”