पाठ फिरवणे

लग्नानंतर मी डोंगरकड्याहून हैदराबादला निघाले, तेव्हा आबा बैलगाडीने मला हिंगोली स्टेशनापर्यंत सोडायला आले होते. आगगाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "शहरात लई दिसंल माय. पाहण्याजोगं तेवढंच पाह्य." बाप बोलतोय म्हणून मी मान हलवली आणि पूर्णा यायच्या आत विसरलेसुद्धा.

पुढे आबा आमच्याकडे आले, तर यांनी सासऱ्यांना हौसेनं टॉकीजला नेलं. विनोदी बोलपट होता. दोन संसारी गृहस्थ बायकांना थापा मारून थंड हवेच्या ठिकाणी सुट्टीला जातात, दारू पिऊन हॉटेलच्या हौदात पडतात आणि वाळत घातलेल्या साड्या गुंडाळून पळत सुटतात. सगळं थेटर खदखदत होतं. आबा मात्र उठले आणि पडद्याकडे पाठ करून खुर्चीत उलटे बसले. मागचे लोक पडदा सोडून त्यांनाच हसू लागले. मी ओशाळून त्यांची बाही ओढली.

"शुद्धीवर न्हाईत बिचारे," आबा म्हणाले. "त्यायलाबी घरची माणसं असतील. पाहू न्हाई माय."

गावाकडे आमच्या गल्लीची ती रीतच होती. कोणी पिऊन आला की तो घरात शिरेपर्यंत सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. हे मी यांना सांगितलंच नाही, कारण मलाच ते गावंढळ वाटू लागलं होतं. नंतर हे मित्रांपुढे आबांची नक्कल करायचे आणि चहा देता देता मीही हसायचे. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

त्या दिवाळीला आम्ही डोंगरकड्याला गेलो. दुपारी हे गावातल्या दोस्तांबरोबर शिंदी पिऊन आले, तेही दोरीवरचं माझ्या आईचं लुगडं डोक्याला गुंडाळून, गाणं म्हणत, भर गल्लीतून. मी दारात उभी. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ओट्यावर बसलेले आबा भिंतीकडे वळले. मग समोरचे काका, मग पाणी आणणाऱ्या बाया. सगळी गल्ली पाठमोरी झाली. हे गाता गाता थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्यानं घरात आले.

सकाळी हे मान खाली घालून माफी मागायला गेले, तर आबांनी बोलूच दिलं नाही.

"काय झालं जावईबापू? आमी तर काई पाहलं न्हाई."

इथं शहरात पाठ फिरवली म्हणजे माणूस सोडून गेला, असाच अर्थ घेतात. गल्लीतलं कोणी हे वाचत असेल तर त्यांना कळेल, मला घर म्हटलं की त्या वळलेल्या पाठीच का दिसतात. पण त्या पाठींच्याही आधी दिसते टॉकीजमधली खुर्ची. आबांच्या शेजारी मीही उलटं बसायला हवं होतं.