पारीवर आलेली गोळीवाली बाई

तिचं नाव मी विचारलं नाही. हत्तीपायाच्या गोळ्या वाटणारी सरकारी बाई होती. सकाळीच तलावाच्या पारीवर, बांधावर, सायकल टेकवली, चपला काढल्या अन् गुडघाभर पाण्यात आमच्यापर्यंत आली. मी अन् माझा लेक जाळं लावून उभे होतो.

"बाबा, दुकानवाल्यांच्या गल्लीत सगळ्यांनी गोळी घेतली. तुमच्या ढिवर मोहल्ल्यात आम्ही दरसाल 'घर बंद' लिहून राहिलो. तुम्ही पाण्यात असता, आमचीच वेळ चुकते."

"उपाशी पोटी चालते काय तुही गोळी?"

"नाही चालत."

"मंग जा. पहिलं जाळं निघेपर्यंत आम्ही घास खात नाही. बापाची रीत आहे."

तिनं स्वतःचा जेवणाचा डबा पुढे केला. "पाय एकदा सुजला का पहिल्यासारखा होत नाही, बाबा. आधीच घ्या लागते." मी मान फिरवली. "बरं, जाळं निघेपर्यंत थांबते," म्हणाली अन् पाण्यातच उभी राहिली.

मी मुद्दाम जाळं काढलं नाही. ऊन चढल्यावर ती गेली. मी घेतली नाही म्हणून लेकानंही गोळी घेतली नाही.

औंदा माझ्या डाव्या पायाची सूज उतरत नाही. लेक पाण्याबाहेर आला की मी मासे नंतर पाहतो, आधी त्याचे पाय पाहतो. दवाखान्यात जाऊन गोळी मागणं मले जमत नाही. पण आता आम्ही दोघंही शिळा भात खाऊनच तलावावर येतो, अन् जाळं टाकताना माझी नजर पारीवर असते.