एकटीचा की दोघींचा

भेटेल त्या माणसाला मनातल्या मनात उचलून पाहणारी बाई अख्ख्या अंधेरीत एकच, आणि ती माझी धाकटी मावशी. मरोळच्या एका हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. स्ट्रेचरवरच्या पेशंटला चादरीसकट टेबलावर ओढून घेणं हेही तिच्याच गळ्यात. खरं तर हे दोघांचं काम, पण दुसरा माणूस कायम 'येतोच' म्हणालेला असायचा. त्यामुळे कुणीही दिसलं की मावशी आधी माप काढी, एकटीचा की दोघींचा. माझ्या लग्नात नवरदेव हॉलमध्ये शिरला आणि ती माझ्या कानाशी लागली, "दोघींचा आसा गो, सांभाळ!" मला हसू आवरेना, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत माझं तोंड वाकडं आलं. सोसायटीच्या अध्यक्षांना तर तिने ऐन गणपतीत तोंडावर सांगितलं, "काका, तुम्ही आजारी पडू नका हां. तुम्ही तिघींचे."

अंगावर दिवसभर शिशाचा एप्रन, त्यात ही उचलाउचल. कंबर पार कामातून गेली. मावशी जेवायची ती फ्रिजला पाठ टेकून, उभ्याने. मयताला गेली तरी उभीच. कुणी बस म्हटलं की म्हणायची, "बसले तर उठवायला माणूस लागेल." सगळे हसायचे, मीही हसायचे. जगाच्या मणक्यांचे फोटो काढणारी ही बाई स्वतःचा मात्र काढू देईना. कंबरेचं कळलं तर कंत्राट वाढवणार नाहीत, ही भीती. आणि घर तिच्याच पगारावर चालायचं. मला भयंकर राग यायचा, हॉस्पिटलचा आणि तिचाही.

शेवटी एका सकाळी तिचे पाय बधिर झाले आणि तिला स्ट्रेचरवरून तिच्याच एक्स-रेच्या खोलीत नेलं. मी सोबत होते. तिच्या जागी एक नवी मुलगी ड्यूटीवर होती. तिने सवयीने एकटीनेच चादर मुठीत गुंडाळली. मावशी सुकून सुकून एकटीच्याही निम्मी झाली होती.

"थांब," मावशी म्हणाली. "दोघी धरा."

"ताई, तुम्ही एवढ्याशा तर आहात."

"मीपण असंच म्हणायचे. दोघी धरा."

"पण दुसरी आहे कोण?" मुलगी रडवेली झाली.

मावशीने माझ्याकडे पाहिलं, माप घेतल्यासारखं. मी पर्स खाली ठेवली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. मग तिनेच पडल्या पडल्या मोजलं, "एक, दोन, तीन." उचलताना कळलं, मावशी काहीच जड नव्हती.