सोजराबाईंनी राखलेलं गवत

आमच्या भोरच्या कॉलेजात सौदामिनी बॉटनी शिकवते, मी फिजिक्स. तास, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी आणि समितीवर समिती यांतून उरलेला रविवार ती गवताला द्यायची. सकाळच्या एसटीनं हिर्डोशी, तिथून पठारापर्यंत पायपीट. स्टाफरूममध्ये आम्ही तिची यथेच्छ टर उडवायचो. ती हसायची आणि डबा पुढं करायची.

शेरडं चरल्यानं पठारावरचं गवत घटतं का, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं वीस चौकोन आखले. दहांना तारेचं कुंपण, तिथं शेरडांना बंदी. दहांना नुसत्या चार लाल खुंट्या, तिथं शेरडांनी खुशाल चरावं. तीन वर्षं मोजणी केली, फरक काहीच निघाला नाही. चरण्यानं गवताचं काही बिघडत नाही, असा शोधनिबंध तिनं लिहिला आणि तो स्वीकारलाही गेला. सात वर्षं रखडलेली तिची बढती त्याच्यावरच अडली होती.

पेढे घेऊन आम्ही दोघं सोजराबाईंकडं गेलो. पठारावर शेरडं त्यांचीच. त्यांनी पेढा कपाळाला लावला.

“बाई, तुमचं गवत म्या लई जपलं. तारंचं सोडा, खुंट्यांच्या आतबी तीन वर्सांत एक शेरडू जाऊ दिलं न्हाई.”

“खुंट्यांच्या आत का नाही, मावशी?” सौदामिनीनं हळूच विचारलं.

“खुंटी रोवली म्हंजी गवत राखलेलं. आमच्यात कुणी मोडत न्हाई ते.”

म्हणजे दोन्हीकडं गवत न चरलेलंच होतं. खुंट्यांत एक लेंडी दिसत नाही, हे आमच्या हुशार बाईंना तीन वर्षांत खटकू नये, याचा मला अजून राग येतो. सौदामिनी मात्र भाकरी खाऊन उठली.

एसटीत मी म्हणालो, “कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी तिनं निबंध मागं घेतला. बढती पुन्हा लांबली. वर्गात तिनं पोरांना सगळं सांगितलं: सोजराबाईंना शेरडांनी कुठं चरू नये ते सांगितलं, कुठं चरावं ते सांगायचं राहिलं, आणि हा दोष स्वतःकडंच घेतला.

पण काम नव्यानं सुरू करायचं, तर सोजराबाईंनाही सांगणं भाग होतं. पुढच्या रविवारी मी बरोबर असताना तिनं ते सांगितलं.

“म्हंजी म्या तुमचं वाटोळं केलं.”

“नाही हो मावशी. मीच नीट सांगितलं नव्हतं.”

सोजराबाईंनी काठी उचलली, शेरडं हाकत पठारावर आणली आणि खुंट्यांपाशी सोडली. मग खुंट्यांकडं पाठ करून उभ्या राहिल्या. तीन वर्षं राखलेलं गवत शेरडं खात होती आणि सोजराबाईंना ते बघवत नव्हतं.