तुम्ही द्याल ते

लढाई संपल्यावर सरकारनं मोडक्यातोडक्या लष्करी लॉऱ्या लिलावात काढल्या, त्यातली एक माझ्या सासऱ्यांनी घेतली. सांगलीत त्यांची गुळाची अडत होती. दुसऱ्याला भाडं भरण्यापेक्षा आपलीच लॉरी असावी, असा त्यांचा हिशेब. तो लॉरीनं पार चुकवला. दोन दिवस चालायची आणि आठवडाभर दारात उभी राहायची. हँडल मारून मारून ड्रायव्हरचे खांदे भरून यायचे, मग गल्लीतली माणसं मागून ढकलायची. सासूबाई तिला गळ्यातलं लोढणं म्हणायच्या.

घरात आणखी एक लोढणं होतं, ते मी. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी माझी कूस उजवली नव्हती. यांचं दुसरं लग्न करायची बोलणी स्वयंपाकघरात, मला ऐकू जातील अशा बेतानं, सुरू झाली होती.

माझा थोरला भाऊ लष्करात ड्रायव्हर होता. लढाई संपली तशी त्याला घरी पाठवलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावी तो नुसता बसून होता आणि बसून राहायचा त्याचा पिंड नव्हता. गूळ वाहायला एखादी जुनी लॉरी बघतोय, असं त्यानं कुणाकडं तरी म्हटलं आणि ते सांगलीत पोचलं. मामंजींनी लगेच निरोप धाडला, बाहेरच्याला देण्यापेक्षा घरच्याला देऊ, येऊन बघून जा.

भाऊ यायच्या आदल्या दिवशी आमचा ड्रायव्हर मागच्या दारी आला आणि म्हणाला, "वहिनी, पाटीभर भुसा द्या." न्हाणीघरातल्या शेगडीसाठी आम्ही लाकडाच्या भुशाचं पोतं ठेवत असू. मी पाटी भरून दिली. थोड्या वेळानं बघते तर तो लॉरीखाली आडवा होऊन गिअरच्या पेटीत तेलाबरोबर तो भुसा कोंबत होता. "आता कसा आवाज करतीय बघतो," म्हणाला. झिजलेले दाते भुशात दबतात आणि पाव्हण्यांच्या कानाला काही लागत नाही, एवढं मला कळलं. माझ्याच हातचा भुसा. रिकामी पाटी उचलून मी आत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं माझे वडील, आबा, आणि भाऊ आले. आबांना आमच्या भागात बैलांची पारख करायला लांबलांबून बोलावणी येत. लॉरीलाही त्यांनी तसाच फेरा घातला. तोंडासमोर उभे राहिले, बॉनेटवर थापटलं, मग मागं जाऊन वाकून पायांकडं बघावं तसं चाकांकडं बघितलं. समोरच्या माडीवर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. खोटं कशाला बोलू, मला त्या घडीला आबांची लाज वाटली. भावानं लॉरी गल्लीतून एक फेरी फिरवून आणली आणि किल्ली मामंजींच्या पुढ्यात ठेवली.

सगळे सोप्यात बसले. आबांनी चहा घेतला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं काही तोंडात घालत नाही, ही आमच्याकडची रीत. तीन वर्षं ते असेच कोरड्या घशानं येत आणि जात. त्यांनी तांब्या मागं सारला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण सगळ्यांच्या नजरा आधी तांब्याकडं आणि मग माझ्याकडं वळत.

"मग पाव्हणं, लॉरीचं काय म्हणायचं?" आबांनी विचारलं.

"आता तुमच्याशी काय मोल करायचं?" मामंजी म्हणाले. "तुम्ही द्याल ते आम्ही घेऊ."

बाजारात हे बोलणं ऐकून गिऱ्हाईक खूश होईल. मुलीच्या बापाच्या गळ्याला मात्र हा फासच. आकडा दुसऱ्यानं सांगितला तर कमी करा म्हणता येतं. आपणच सांगायचा म्हटल्यावर कमी सांगून चालत नाही, कारण मग लॉरीची नव्हे, लेकीच्या घराची किंमत कमी केली असं होतं. आबा मिशीवरून हात फिरवत बसले.

आत सासूबाई पानाचं तबक माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुझा बाप दोन हजाराच्या खाली बोलला, तर त्याच लॉरीत बसवून तुलाही माहेरी लावून देते." त्या हसत म्हणाल्या, पण त्यांचं हसणं मला ठाऊक होतं.

मी डोक्यावरचा पदर सावरून तबक घेऊन सोप्यात गेले. आबा खाली बघत होते. ज्या माणसाला बैलाच्या दातावरून त्याचं वय कळतं, त्याला हे लोक पाटीभर भुशानं फसवणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. गेलं तर गेलं घर, माहेरी भाकऱ्या थापेन, असं वाटलं. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

"आबा, गिअरच्या पेटीत भुसा घातलाय," मी म्हणाले.

मामंजी पानाचं देठ खुडत राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. भावानं डोळे मिटून घेतले.

"गप ऱ्हा," आबा म्हणाले. माझ्यावर त्यांनी एवढा आवाज कधी चढवला नव्हता. "तुला काय कळतंय त्यातलं? जा आत." मग मामंजींकडं वळून हात जोडले. "पोर हाय, मनावर घिऊ नगा. लॉरी झ्याक हाय. अडीच हजार देतो."

कमरेचा कसा सोडून त्यांनी दोन हजार मोजले आणि भावाकडं बघितलं. भावानं पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि समोर ठेवले. लष्करातला तो साठवलेला पगार त्यानं लॉरीच्या दुरुस्तीसाठी आणला होता. मामंजी म्हणाले, "तुमचं मन मोठं," पण माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

निघताना भाऊ रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. मी बादली घेऊन त्याच्याजवळ गेले.

"भुसा व्हय?" तो हळूच म्हणाला. "पयला गिअर टाकला तवाच कळलं मला. फिरवून आणली तशी आबांच्या कानात सांगितलं की."

"मग?"

"मग काय? गाडीचं काय बी असू दे, दोन हजार बोलायचं, असं घरनं निघतानाच ठरलं हुतं. तू बोललीस तवा त्यास्नी वर चढावं लागलं. न्हाईतर ह्या लोकास्नी वाटलं असतं, बापानंच पोरीला फितवली."

मी बादली तशीच धरून उभी राहिले. आबांना काही कळत नाही म्हणून मी त्यांना वाचवायला निघाले होते. त्यांना सगळं कळत होतं, माझं या घरात कसं चाललंय तेसुद्धा. ते लॉरीचा भाव करायला आलेच नव्हते. दुरुस्तीचे पैसे मी खाल्ले होते, आणि वर व्याह्यासमोर त्यांना हात जोडायला लावले होते. माडीवरच्या बायकांबरोबर मीही मनातून त्यांना हसले होते, ते आठवून मला तिथंच कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं.

आबा वर ड्रायव्हरशेजारच्या जागेवर जाऊन बसले होते. वर बघायची माझी छाती होईना. पायरीला हात लावून मी तो कपाळाला लावला.

"रडू नगस," आबा वरून म्हणाले. "लॉरी चांगली हाय. घरात कुणी इचारलं तर तसंच सांग."

गल्लीतल्या माणसांनी मागून ढकललं आणि लॉरी धूर सोडत निघाली. मी आत आले. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासाठी पाट सरकवला आणि विचारलं, "काय म्हणाले गं तुझे आबा?"

मी तसंच सांगितलं.