'चौथा गिअर'चा ढोलकीवाला

बिबवेवाडीतल्या एका मोठ्या सोसायटीत पाण्याचे पंप, लिफ्ट आणि जनरेटर सांभाळणारा उत्तरेश्वर ढोलकी वाजवतो, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते "बरा हात आहे हो तुमचा" एवढंच म्हणायचे. त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी मुलाच्या फोनवर 'चौथा गिअर' या बँडचं 'तिसरी पाळी' वाजत असायचं आणि त्यातली ढोलकी याच माणसाची आहे, हे बापलेकांपैकी कुणाच्या गावीही नसायचं. उत्तरेश्वर आपणहून सांगायला जायचा नाही. विचारलंच कुणी, तर म्हणायचा, "हो, वाजवतो थोडंफार."

थोडंफार म्हणजे चोवीस वर्षं.

धाराशिवकडच्या खेड्यातून आयटीआय करून तो पुण्यात आला तेव्हा बाविशीत होता. सातारा रोडवर गिअर बनवणारा एक कारखाना होता, तिथे फिटर म्हणून लागला. खंडेनवमीला कारखान्यात मशिनची पूजा झाली की कामगारांचा कार्यक्रम व्हायचा. त्या कार्यक्रमासाठी चौघे एकत्र आले. आनंद गायचा आणि स्वतःच गाणी लिहायचा, भीमराव पेटी वाजवायचा, साईनाथने कुठून तरी जुनी गिटार पैदा केली होती आणि ढोलकीवर उत्तरेश्वर. त्यांची तालीम ऐकून सुपरवायझर म्हणाले होते, "कामात पहिल्या गिअरवर असता आणि गाण्यात बरे चौथ्यावर जाता." तेच नाव पडलं.

'तिसरी पाळी' हे त्यांचं पहिलं स्वतःचं गाणं. शब्द आनंदचे:

पहिली पाळी पोटासाठी, दुसरी पाळी घरासाठी,
तिसरी पाळी कुणासाठी, सांग रे मशिना.

ठेका मात्र उत्तरेश्वरचा. तो त्याने प्रेस मशिनवरून उचलला होता. दोन जड थापा, एक हलकी, आणि मग श्वास घेण्याइतकी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याची मान आपोआप पुढे व्हायची. गाणं आधी सीडीवरून कारखान्याकारखान्यांत फिरलं, मग कॉलेजांत, मग मोबाइलवर. गणपतीच्या दिवसांत चौघांना सुट्ट्या पुरेनाशा झाल्या.

दोन हजार नऊ साली कारखाना बंद पडला. भीमराव गावी गेला तो शेतीतच अडकला. चार वर्षांनी आनंदला मुंबईत मालिकांची शीर्षकगीतं मिळू लागली. जाण्याआधी एकदा तो आणि उत्तरेश्वर बुधवार पेठेत माइक दुरुस्तीला टाकायला गेले होते. दुकानाच्या पायरीवरच आनंद म्हणाला, "उत्तऱ्या, नाव आता बंद करू. चौघांचं होतं. चौघं नाहीत तर नाव कशाला?"

"नाव माणसाचं नसतं," उत्तरेश्वर म्हणाला. "गाण्याचं असतं. जो वाजवंल त्याचं."

"म्हणजे उद्या तू कुणालाही उभं करशील आणि चौथा गिअर म्हणशील?"

"बंद पडलेला एक कारखाना बघितलाय मी. दुसरा बघायचा नाही."

पुढच्याच महिन्यात त्याने 'चौथा गिअर' हे नाव रीतसर स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं. आनंदला विचारलं नाही. आनंदला ते तिसऱ्याच कुणाकडून तरी कळलं. त्यानंतर बारा वर्षं दोघांत एक शब्द झाला नाही. कोरोनात साईनाथ गेला, तेव्हाही दोघांनी वेगवेगळे फोन केले ते त्याच्या बायकोला.

उत्तरेश्वरने मात्र बोलल्याप्रमाणे करून दाखवलं. कादंबरी नावाची खराडीच्या आयटी कंपनीत काम करणारी मुलगी एका कार्यक्रमानंतर त्याला भेटली. आवाज थोडा खरखरीत, पण शब्द असा टाकायची की ऐकणारा गप्प व्हावा. तिच्यामागून सदाशिव पेठेतला शौनक आला, गिटारवाला. दोघं 'चौथा गिअर' ऐकतच मोठे झालेले. त्यांनी नवी गाणी आणली, भाड्याच्या खोल्यांची, रात्रपाळीच्या कॉल सेंटरची. जुने लोक कुरकुरले, "ते चौघं गेले, आता हे नुसतं नाव राहिलं." एका वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा उत्तरेश्वरने आनंदला दिलं होतं तेच उत्तर दिलं. बातमीच्या मथळ्यातच ते छापून आलं: 'नाव माणसाचं नसतं, गाण्याचं असतं.' कादंबरीने ते कात्रण तालमीच्या खोलीत भिंतीवर लावलं.

मग त्याचा हात बिघडला.

सुरुवातीला उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना नुसत्या मुंग्या यायच्या. ढोलकीची उजवीकडची, काळी शाई लावलेली बाजू म्हणजे सगळा बोटांचा खेळ. त्याला वाटलं थंडीमुळे होत असेल. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कोपरातली नस दबली आहे, वर्षानुवर्षं मशिनचे हादरे खाल्लेत तुम्ही. शस्त्रक्रिया करू, दुखणं थांबेल. "आणि वेग?" त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जेवताना, लिहिताना अडचण येणार नाही." त्याने विचारलं होतं वेगळंच, पण उत्तर त्याला कळलं.

घरी त्याने बायकोला, नम्रताला, सांगितलं. बँडमध्ये कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत कोथरूडच्या नाट्यगृहात कार्यक्रम होता. 'तिसरी पाळी'च्या दुसऱ्या कडव्यात त्याची हलकी थाप उशिरा पडली. पुढच्या आवर्तनात पुन्हा. मोकळी जागा लांबत चालली आणि कादंबरीला शब्द धरून ठेवावा लागला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण शौनकने पायाने ठोका द्यायला सुरुवात केली, जसा नवशिक्याला देतात तसा. उत्तरेश्वरला तो बूट शेवटपर्यंत दिसत राहिला.

आठवड्याने दोघांनी त्याला स्वारगेटजवळ एका उडप्याच्या हॉटेलात चहाला बोलावलं. कादंबरी बराच वेळ चमचा फिरवत बसली.

"दादा, राग मानू नका."

"राग मानायचा की नाही ते ऐकल्यावर ठरवू."

"तुम्ही मेंटॉर म्हणून राहा ना. म्हणजे तालीम, नवीन गाणी, सगळं तुमच्याशी बोलूनच. फक्त स्टेजवर शंभू वाजवेल. शौनकचा मित्र आहे, ढोल-ताशा पथकात होता, हात फार तयार आहे त्याचा."

"कधी ठरलं हे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठरून महिना झाला होता, हे त्या पाहण्यातच आलं.

शौनक म्हणाला, "दादा, तुम्हीच म्हणता ना, नाव माणसाचं नसतं..."

"वाक्य पूर्ण करू नकोस," उत्तरेश्वर म्हणाला. "पाठ आहे मला."

तो उठला. चहा तसाच राहिला. बिबवेवाडीची बस समोर उभी होती, तरी तो चालत निघाला. आनंदला पायरीवर दिलेलं उत्तर त्याला त्या वेळी किती बिनतोड वाटलं होतं! ते उत्तर ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे आज कळत होतं. आणि मुलं खोटं बोलत नव्हती, याचाच जास्त त्रास होत होता.

पुढच्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"उत्तऱ्या, आनंद बोलतोय."

आनंद पटापट बोलत होता. पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतात, पुण्यात मोठा कार्यक्रम करायचा विचार आहे, मुंबईचे वादक घेऊ, पण पुढे आपण दोघंच. खरा चौथा गिअर. "नाव तुझ्याकडे आहे म्हणून फोन केलाय असं समजू नकोस," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे तेही आहेच."

उत्तरेश्वर हसला. किती दिवसांनी हसला कोण जाणे. मुलांनी बाहेर काढलं आणि मूळ माणसाने हाक मारली, याहून आणखी काय हवं होतं? हाताचं त्याने सांगितलं नाही. नम्रताने तेवढं विचारलं, "अहो, पण वाजवणार कसे?" तो म्हणाला, "आनंदबरोबर वाजंल. सवय आहे हाताला."

आनंदच्या पुण्यातल्या बहिणीच्या घरी रविवारी दुपारी दोघं बसले. आनंदचे केस गेले होते, आवाज खाली आला होता. त्याने 'तिसरी पाळी' दोन सूर खालून उचललं. उत्तरेश्वरने चार ओळी रेटल्या. पाचव्या ओळीला आनंद थांबला.

"हात?"

उत्तरेश्वरने ढोलकी मांडीवरून उतरवून खाली ठेवली. "नस दबलीय."

आनंद खिडकीपर्यंत जाऊन आला. म्हणाला, "काळजी करू नकोस. ढोलकी आधी रेकॉर्ड करून मागे लावू. तू नुसता ढोलकी घेऊन बस. लोकांना तू दिसलास की झालं."

"मग मी कशाला? फोटो लाव माझा. हार नको घालूस फक्त."

"उत्तऱ्या, मी चांगल्या मनाने..."

"माहीत आहे. ती पोरंपण चांगल्या मनानेच बोलली." आणि मग त्याने स्वारगेटचं सगळं सांगितलं.

आनंद ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "खोटं कशाला सांगू, बरं वाटलं ऐकून. बारा वर्षं मला वाटायचं, याला एकदा कुणीतरी हेच ऐकवावं." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. तो खाली सतरंजीवर उत्तरेश्वरच्या शेजारी येऊन बसला. बहीण चहा घेऊन आली, दोघांकडे पाहून तशीच आत गेली.

कार्यक्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता नोंदणीचा कागद उरला होता. तो उत्तरेश्वरच्या कपाटात होता आणि त्याच्या सहीशिवाय कादंबरीला 'चौथा गिअर' म्हणून उभं राहता येणार नव्हतं. तीन आठवडे त्याने तिचा फोन घेतला नाही. सोसायटीत पंप दुरुस्त करताना तो मनातल्या मनात तिला उत्तरं द्यायचा. शेवटी नम्रता म्हणाली, "अहो, द्यायचं नसेल तर नाही म्हणा. द्यायचं असेल तर द्या. पण त्या पोरीला असं टांगून ठेवू नका. तुम्हाला कुणी ठेवलं असतं तर?"

त्याने कादंबरीला घरी बोलावलं. कागद समोर ठेवला.

"नाव घ्या. एकच अट. 'तिसरी पाळी' वाजवायचं नाही."

कादंबरीचा चेहरा उतरला. "दादा, मग आम्ही चौथा गिअर कशावरून?"

गाणं आपलं म्हणून तो अडवत होता, पण शब्द आनंदचे होते, चाल बसवली ती भीमरावच्या पेटीवर, आणि मधला गिटारचा तुकडा साईनाथचा. त्याचा एकट्याचा फक्त ठेका. त्याने तिथेच, तिच्यासमोर आनंदला फोन लावला.

"पोरं गाणं मागतायत. शब्द तुझे आहेत. गाऊ दे का?"

आनंद म्हणाला, "तेव्हा विचारलं होतंस का?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. आता विचारतोय."

"गाऊ दे," आनंद म्हणाला. "पण गाण्याआधी चौघांची नावं घ्यायला सांग. साईनाथचं आधी."

उत्तरेश्वरने सही केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून करावी लागली. कादंबरी रडली. तो रडला नाही, तिला म्हणाला, "शंभूला पाठव. ठेका माझ्याकडून घेऊ दे. पथकासारखा बडवायचा नाहीये तो."

शंभू तीन रविवार आला. हात खरंच तयार होता. सांगितलं ते पहिल्या दिवशीच उचललं, आणि उत्तरेश्वरला त्याचं कौतुक वाटलं तसं थोडं वाईटही. इतक्या पटकन येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

मे महिन्यात कार्यक्रम झाला. कादंबरीने पहिल्या रांगेतल्या जागा राखून ठेवल्या होत्या, पण तो आणि नम्रता मागे जाऊन बसले. 'तिसरी पाळी'च्या आधी दिवे मंद झाले आणि तिने नावं घेतली. साईनाथ, भीमराव, आनंद, उत्तरेश्वर. टाळ्या पडल्या. नम्रताने त्याच्या दंडाला हात लावला. तो उठून उभा राहिला नाही.

गाणं सुरू झालं. शेजारी बसलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ त्याच्याकडे झुकून म्हणाले, "पहिले लोक नाहीत हो यात. ढोलकी वेगळी आहे."

"हो, वेगळी आहे."

"तुम्ही ऐकलंय का पहिल्यांना?"

"ऐकलंय."

"मग? तुमचं काय मत?"

उत्तरेश्वर स्टेजकडे पाहत राहिला. पोरगी गात होती, पुढच्या रांगांत कॉलेजची मुलं शब्दन् शब्द म्हणत होती. "चांगलं वाजवतात," तो म्हणाला. गृहस्थांचं समाधान झालं नाही. त्याचंही झालं नव्हतं. ते ऐकताना आपल्याला अभिमान वाटतोय की आपल्या घरात दुसरं कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटतंय, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटच्या गाण्याआधीच दोघं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी कादंबरीचा मेसेज आला: "दादा, कसं झालं? खरं सांगा."

जनरेटरच्या खोलीत उभा राहून त्याने एका बोटाने उत्तर लिहिलं. "दुसऱ्या कडव्यात शंभू पळतो. आवर म्हणावं."

लगेच तिचं उत्तर आलं. "मग रविवारी तालमीला या ना. तुम्हीच सांगा त्याला."

तो मेसेज त्याने दोनदा वाचला. जूनमध्ये त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, मुंग्या थांबल्या, बोटं बऱ्यापैकी वळू लागली. आनंदचा अधूनमधून फोन येतो. रविवार मात्र येतात आणि जातात, आणि उत्तरेश्वर अजून तालमीला गेलेला नाही.